पाय धुण्याच्या गुरुवारचं पान

नकादा, ४ तूबा, १९६३

अबादीर,

पाच वर्षांनी बहिणीचं अक्षर पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. घरात मी आहे, बाबा आहेत, आणि आईची शेळी मेल्यावर आणलेली दुसरी शेळी आहे, ती पहिलीपेक्षा आगाऊ.

तुझा पत्ता शालवाल्या फहीमनं दिला. म्हणाला, खार्टूममध्ये तुझं दुकान बरं चाललंय आणि तू अंगानं सुटलायस. मी म्हटलं, सुटणारच, तिथे ताटाशी बसून बोलणारं कुणी नाही.

नाताळ झाला. यंदा कियाहक महिन्यातल्या भजनांच्या रात्री सुन्या गेल्या, कारण बाबा गायले नाहीत. घसा बसलाय. थंडी बाधली असेल. चर्चचे नवे धर्मगुरू, अबूना बाखूम, मनानं चांगले आहेत, पण प्रार्थनेची जुनी किब्ती भाषा वाचताना तांदळातले खडे निवडत बसल्यासारखे अडतात. लोक माना खाली घालून ऐकतात, आणि घरी जाताना बाबांसाठी म्हणतात, मुअल्लिम घत्तासना बरं वाटू दे रे देवा.

म्हणून लिहितेय. पवित्र आठवड्यात वाचायला ये. पुस्तक घरीच आहे, आईच्या हिरव्या शालीत गुंडाळलेलं. अबूनांनी दोनदा सुचवून पाहिलं की चर्चचं पुस्तक चर्चमध्ये असावं. बाबा ठणठणीत होते तेव्हाच त्यांना म्हणाले होते, "तिथे उंदीर आहेत, आणि तुम्ही आहात." अबूना बिचारे हसून गेले.

त्या गुरुवारचा विषय मी काढणार नव्हते. पण तो काढल्याशिवाय तू पुढे वाचणार नाहीस. पाय धुण्याच्या प्रार्थनेला पाण्याच्या घंगाळाशेजारी उभा राहून तू सगळ्यांदेखत म्हणालास, "किब्तीतलं अक्षर कुणाला कळत नाही, मी आज नुसतं अरबी वाचणार." आणि उजव्या रकान्यावर बोट ठेवून सुरू केलंस. बाबांनी डाव्या रकान्यातून किब्ती लावलं. एकाच पुस्तकात दोन डोकी, आणि दोघांचे आवाज एकमेकांवर चढलेले. बायकांच्या बाजूला आम्ही ओढणीत तोंड खुपसून हसत होतो. मीसुद्धा. मग बाबांनी पुस्तक मिटलं आणि हसू बंद झालं. दुसऱ्या दिवशी, शुभ शुक्रवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना तू होडीत बसलास. त्यानंतर या घरात तुझं नाव मोठ्यानं कुणी घेतलेलं नाही.

एवढंच. उत्तर दे.

तुझी थोरली बहीण,
इराई


नकादा, ६ अमशीर

अबादीर,

तुझं पत्र मिळालं. एक पान, त्यातलं अर्धं खार्टूमच्या उन्हाबद्दल. उरलेल्या अर्ध्यात जे लिहिलंस ते मी चारदा वाचलं. "बाबांना विचार. त्यांनी नुसतं ये म्हटलं तरी दुकानाला कुलूप लावून येतो. त्यांनी म्हटलं पाहिजे, तू नाही."

दोघं एकाच मातीचे. एकानं ये म्हणायचं नाही, दुसऱ्यानं बोलावल्याशिवाय यायचं नाही, आणि मधल्या मधे मी मागाच्या कांड्या भरायच्या, शेळी बघायची आणि पत्रं लिहायची.

तू विचारतोस, घसा बसलाय तर हातानं दोन ओळी लिहायला काय झालं? प्रश्न रास्त आहे. चष्म्याची काच फुटलीय. नदीपलीकडे कूसला पाठवायचीय, पण अमशीरचा वारा असा सुटलाय की होडीवाले नदीत उतरायला तयार नाहीत.

बाकी बरे आहेत. खाणं कमी झालंय. ताटातलं डावीकडचं तेवढं खातात, उजवीकडचं तसंच राहतं. आधी मला वाटलं, माझ्या हाताला चव राहिली नाही. आता मी ताट फिरवून ठेवते, मग उरलेलंही निमूट खातात. म्हातारपणाच्या एकेक तऱ्हा.

विचारते त्यांना. योग्य वेळ बघून विचारते. तू कुलूप शोधून ठेव.

इराई


नकादा, २३ अमशीर

अबादीर,

विचारलं.

बाबा म्हणाले, "तुला माझ्याबरोबर वाटा नाही."

मला गोड करून लिहिता आलं असतं, पण तू त्यांचाच शब्द मागितला होतास. कुठलं वाक्य आहे ते मी तुला सांगायला नको, प्रभू पेत्राला म्हणतो तेच. फरक इतकाच की प्रभू असं म्हणून खाली वाकून त्याचे पाय धुतो.

तुझ्या जागी मी असते तर तरीही आले असते. पण मी तुझ्या जागी नाही. मी इथेच आहे, होते आणि राहणार. पाच वर्षांत मला कुणी ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही.

उपास सुरू झालाय. काय करायचं ते तू ठरव.

इराई


नकादा, २१ बरमहात

अबादीर,

फहीम आला आणि गाठोडं देऊन गेला. उघडलं तर आत पट्टा. तू दहा वर्षांचा असताना बाबांनी तुझ्या खांद्यावर घातला होता तो चर्चमधल्या वाचकाचा लाल पट्टा, इस्त्री करून, घडी घालून. त्या घडीवरून कळतं की तू रागात पाठवला नाहीस, विचार करून पाठवलास. ते जास्त वाईट आहे.

तुझं पत्र मागाहून टपालानं मिळालं. "वाटा नाही तर पट्टा तरी कशाला." वा. वाक्य जमलंय. बाबांचाच मुलगा.

घाबरू नकोस, बाबांना दाखवलेला नाही. फडताळात माझ्या कपड्यांखाली ठेवलाय. तू येऊन मुकाट्यानं खांद्यावर घेतलास तर त्यांना कधी कळणारही नाही.

हे मी तुला शेवटचं सांगतेय. बोलावणं, मानपान, कोण आधी, कोण मागून, सगळं नदीत टाक. मिळेल त्या गाडीनं नीघ, होडीत बस, दारात येऊन उभा राहा. त्यांनी तोंड फिरवलं तर फिरवू दे. मी आहे ना, मी जेवायला वाढीन. उशीर करू नकोस. का, ते विचारू नकोस.

इराई


नकादा, ८ बरमूदा

अबादीर, माझ्या भावा,

तार मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते सगळं आता लिहिते. मधेच उठू नकोस आणि फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

बाबांचा घसा बसलेला नव्हता. चष्म्याची काचही फुटलेली नव्हती. हातूर महिन्यात एका सकाळी ते चूळ भरायला उठले आणि ओट्यावर कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कूसचा डॉक्टर म्हणाला, उजवीकडचं त्यांना दिसतही नाही. डोळे शाबूत आहेत, पण त्या बाजूचं जग त्यांच्यापुरतं पुसलं गेलंय. म्हणून ते ताट अर्धं राहायचं. मी तुला ते थट्टेवारी लिहिलं. मनातून वाटत होतं, तू ओळखशील. मग वाटलं, नको ओळखूस.

का लपवलं? बाबांना मी विचारलं होतं, "अबादीरला कळवू का, असं असं झालंय म्हणून?" त्यांनी डावा हात जोरजोरात हलवला. नको. मुलानं कीव करून यावं हे त्यांना नको होतं, आणि मलाही ते पटलं. मलाही तू पाहुण्यासारखा धावत, रडत यायला नको होतास. तू मुलगा म्हणून यायला हवा होतास. आता हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, कसलं ते विचारू नकोस.

तुझं पहिलं पत्र मी वेळ बघून त्यांना वाचून दाखवलं. ऐकताना त्यांचा डावा डोळा वाहत होता. उपासाचे दिवस होते, मी त्यांना तिळाच्या वाटणात काकवी कालवून भरवत होते. म्हटलं, "बाबा, त्याला काय लिहू? ये लिहू?" त्यांनी मान हलवली नाही. भिंतीकडे बोट केलं, पुस्तकाकडे. मी शाल सोडली, पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एका हातानं पानं उलटली. मी मदत करायला गेले तर हात झटकला. बरोबर त्या गुरुवारच्या पानाशी आले, पाय धुण्याच्या, तुमच्या भांडणाच्या. पान उलटून मागची बाजू काढली आणि डाव्या रकान्यात, वरून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

मला किब्ती कुठे येतं? मुलींना कोण शिकवणार होतं? तू अंगणात मुलांच्या रांगेत बसून घोकत होतास तेव्हा मी आत कांड्या भरत होते. मला अरबी येतं. मी त्यांच्या बोटापासून सरळ आडवी गेले, उजव्या रकान्यात, आणि समोरची ओळ वाचली. "तुला माझ्याबरोबर वाटा नाही." मी मोठ्यानं वाचली नाही. तोंडातून निघाली नाही. नुसतं म्हटलं, "हेच लिहू?" त्यांनी मान डोलावली.

आता माझ्या मनातलं सांगते. मला वाईट वाटलं, पण जरा बरंही वाटलं. पाच वर्षं ज्याच्या नावानं या घरात उसासे निघत होते त्याला एकदाची चपराक बसली असं वाटलं. म्हणून त्या पत्रात तेवढं टोचून लिहिलं. आणि "बाबा म्हणाले" असं लिहिलं. ते म्हणाले नव्हते, त्यांनी बोट ठेवलं होतं. बोटाचं लिहिलं असतं तर आजाराचंही लिहावं लागलं असतं. इतकाच विचार करून मी ते गाळलं.

आता गुरुवारचं ऐक, हा परवाचा गुरुवार.

बाबा पवित्र आठवड्याच्या मंगळवारी गेले. त्या आठवड्यात कुणाची वेगळी अंत्यप्रार्थना करत नाहीत, म्हणून त्यांच्याही नावाची झाली नाही, धूप नाही, काही नाही. झावळ्यांच्या रविवारी सगळ्यांसाठी मिळून जी अंत्यप्रार्थना म्हणतात ती ते स्वतः खुर्चीत बसून ऐकून आले होते. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येक मयताला गाऊन पोचवलं, त्याला आम्ही असंच, मुकं, नेऊन ठेवलं. गुरुवारी अबूना घरी आले. म्हणाले, "इराई, पुस्तक द्याल का? आज त्यांच्याच पुस्तकातून वाचू या." मी स्वतः उचलून नेलं.

घंगाळ भरलेलं. अबूना किब्ती वाचणार आणि म्हातारे वहबाकाका अरबी, आळीपाळीनं, जसं आपल्याकडे चालतं. अबूनांनी पान उलटलं, पहिलं वाक्य अडखळत संपवलं आणि थांबले. वहबाकाकांनी समोरून सुरू केलं, "तुला माझ्याबरोबर वाटा नाही."

अबूना त्यांच्याकडे बघत राहिले. "काका, कुठे पोचलात? प्रभू अजून जेवणावरून उठलासुद्धा नाही."

"समोर आहे तेच वाचतोय, अबूना."

"समोर कसं असेल?"

वहबाकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे हो, हे ते पान. घत्तास ओरडायचा ना, या पानावर आडवं बघू नका रे गाढवांनो, इथे अरबी पुढे पळालंय. म्हातारपणी डोक्यातनंच गेलं."

"पळालंय म्हणजे?"

"घत्तासच्या आज्यानं, अर्मानियूसनं, पळवलं. जुनं पान घंगाळात पडून खराब झालं, म्हणून त्यानं नवं लिहिलं. किब्ती काढलं हौसेनं, टपोरं. अरबी दिलं उरकून, मुंगीच्या पायाएवढं. पुढच्या बाजूला थोडं पळालं, मागच्या बाजूला पार पसार झालं. अर्धा रकाना मोकळा राहिला तर तिथे कबुतर काढून ठेवलं बेट्यानं. घत्तासच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे हे."

लोक हसले. पुरुषांच्या बाजूला हसले, बायकांच्याही. अबूनासुद्धा हसले आणि त्यांनी वहबाकाकांना वर, पुढच्या बाजूला, बोटानं जागा दाखवून दिली. मी खांबाला धरून उभी होते. प्रत्येक पोराला ठाऊक आहे. म्हणजे तुलाही.

बाकीची प्रार्थना माझ्या कानात शिरली नाही. अबूनांनी सगळ्यांचे पाय धुतले, माझ्या कपाळाला पाणी लावलं, मला आठवत नाही. लोक पांगल्यावर मी पुस्तकाशी गेले. म्हटलं, "अबूना, ही ओळ मला सांगा. अरबीतून नको, किब्तीतून सांगा." कुठली ओळ ते शोधावं लागलं नाही. तिसऱ्या ओळीवर काकवीचा डाग होता, बोटाच्या पेराएवढा. मी त्यांना भरवत होते ना, ओठाचं पुसता पुसता बोटाला लागली असणार.

अबूनांनी डाग पाहून भुवया चढवल्या. हळूहळू, अडत अडत, सांगितलं. "या जगात जी त्याची आपली माणसं होती, त्यांच्यावर त्यानं प्रेम केलं, आणि शेवटपर्यंत केलं."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "का हो, इराई?" मी म्हटलं, "काही नाही, डाग कसा निघेल ते बघत होते."

बाबांनी तुला हे लिहायला सांगितलं होतं, अबादीर; समोरचा उजवा रकाना त्यांना दिसतच नव्हता. ये म्हणून नव्हतं सांगितलं. त्यांनी तुला मागितलं त्याहून जास्त दिलं होतं, आणि तेही त्याच पानावरून, ज्यावर तुम्ही गावासमोर एकमेकांना हरवत होतात. मी पत्रात नुसतं इतकं लिहिलं असतं, की गुरुवारच्या पानावर मागच्या बाजूला बोट ठेवलं आणि समोर हे होतं, तर तू जागच्या जागी ओळखलं असतंस. म्हणाला असतास, ही इराई गाढव आहे, त्या पानावर आडवं बघतात का. आणि कुलूप लावून निघाला असतास.

इथेच संपलं असतं तर मी तुला इतकं लांबलचक लिहिलं नसतं.

ते पत्र मी बाबांच्या समोर बसून लिहिलं. घडी घातल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी दिलं. त्यांनी ते डाव्या तळहाताखाली मांडीवर ठेवलं, डोळे मिटले, ओठ हलवत बसले. तुला आशीर्वाद देत होते. मग टपालाच्या होडीचा माणूस आला तेव्हा माझ्या हाती न देता त्यांनी स्वतः त्याच्या हातात दिलं. त्यानंतर होडीच्या दिवशी मला खूण करायचे, खुर्ची दारात ठेव म्हणून. वारा असो, धूळ असो, नदीकडे तोंड करून बसायचे. शेजारची सोफी म्हणायची, "मुअल्लिम, नवरीची वाट बघताय का?" तर चक्क हसायचे, अर्ध्या तोंडानं.

फहीम आला तेव्हा ते असेच दारात होते. मी आत होते. त्यानं गाठोडं त्यांच्याच मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "घ्या, मुलानं पाठवलंय." चांगल्या मनानं म्हणाला, त्याला काय माहीत. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी एका हातानं आणि दातांनी गाठ सोडली होती. पट्टा मांडीवर उलगडलेला होता.

बाबांना दाखवला नाही असं मी तुला लिहिलं. खोटं लिहिलं. तुला लागेल म्हणून, आणि तू तरीही येशील या आशेनं.

ते रडले नाहीत. पट्ट्याची घडी त्यांनी पुन्हा तशीच घातली, तू घातली होतीस तशीच, एका हातानं, वेळ लागला तरी मला करू दिली नाही. माझ्याकडे दिली. मी पुस्तक घेऊन आले. म्हटलं, बाबा, सांगा, आता काय लिहू, दाखवा. त्यांनी मान फिरवली. उजवीकडे फिरवली, जिकडे त्यांना काहीच दिसत नव्हतं. मग मी रोज विचारलं. रोज तसंच. पुस्तकाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

म्हणजे हिशेब असा आहे. त्यांनी तुला प्रेम पाठवलं, तुला मिळालं की वाटा नाही. तू त्याला पट्टा पाठवून उत्तर दिलंस, आणि त्यांना वाटलं, मी शेवटपर्यंत म्हटलं आणि माझा मुलगा म्हणतो, मला नको. ते असं समजून गेले. मी शेजारी बसून त्यांचे पाय चेपत होते आणि मलाही काही माहीत नव्हतं.

तुला ये म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही. चाळिसाव्याची प्रार्थना पुढच्या महिन्यात, बशन्समध्ये आहे, तेवढं कळवते. पट्टा मी त्यांच्याबरोबर ठेवला, तुला विचारलं नाही.

रागावशील. रागाव, पण माझ्यावर रागाव. बाबांवरचा राग तेवढा टाकून दे, अबादीर. तो त्यांनी दिलेला नव्हता, मी टपालानं पाठवला होता.

तुझी,
इराई